पर्ससीनचा आदेश आणि सल्लागार समितीचं अर्धं राहिलेलं काम

महाराष्ट्र शासनानं 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्याच्या सागरी हद्दीतल्या पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे अख्खा थवा वेढून धरणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर, निर्बंध घातले. नवे परवाने बंद झाले. असलेले परवाने टप्प्याटप्प्यानं घटवत शेवटी 182 वर आणायचे ठरलं. हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा चारच महिन्यांचा राहिला आणि उत्तरेकडे झाई ते मुरूड या पट्ट्यात पर्ससीनला पूर्ण मनाई झाली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात या आदेशावरून आजही बंदरावर शब्दाला शब्द लागतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि पाण्यात उभं जाळं लावणारे गिलनेटवाले म्हणतात, आदेश चांगला, पण अंमल कुठे आहे? पर्ससीनवाले म्हणतात, कर्ज काढून बोट बांधली आणि धंदा चार महिन्यांवर आला, आम्हाला विचारलं कुणी?

हे प्रकरण इथे मांडतोय ते या दुसऱ्या प्रश्नासाठी. ज्या धंद्याला नियम लागू होणार त्या धंद्यातल्या लोकांना सरकारनं विचारायचं तर कसं, आणि त्यांनी दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय व्हायला हवं? कोकणात हा प्रश्न आंब्याला येतो, काजूला येतो, चिरेखाणींना येतो. मासेमारीत तो सर्वांत उघडा पडतो, कारण इथे एकाच धंद्यातले दोन गट एकाच मासळीवर जगतात.

भांडण कशावरून

पर्ससीन जाळं माशांच्या थव्याभोवती गोल टाकतात. थवा वेढला गेला की खालच्या कडेच्या कड्यांतून ओवलेला दोर विंचनं, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रानं, खेचतात आणि बटव्याचं तोंड आवळावं तसा जाळ्याचा तळ मिटतो. बांगडा, तारली असे वरच्या पाण्यात थव्यानं फिरणारे मासे एका वेढ्यात टनांनी मिळतात. रापणीचं काम याच्या उलट दिशेनं चालतं. होडीतून जाळं अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकं वाळूवर आणायची आणि गावातल्या माणसांनी दोन रांगांत उभं राहून ते ओढायचं. मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. रापणीला मासा किनाऱ्याजवळ यावा लागतो. तोच थवा थोडा बाहेर, खोल पाण्यात वेढला गेला की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रिकामं जाळं ओढणाऱ्यांचा दिवस फुकट जातो.

रत्नागिरीची मिरकरवाडा आणि साखरीनाटे ही बंदरं पर्ससीनची. तिथल्या नौकामालकांनाही एका वाक्यात खलनायक ठरवता येत नाही. एका पर्ससीन नौकेवर पंचवीस-तीस खलाशी असतात. त्यात नेपाळचे, कर्नाटकचे, उत्तर प्रदेशचे बरेच. त्या नौकेवर बर्फ कारखाना जगतो, टेम्पोवाला जगतो, जाळी विणणारा जगतो. सरकारनं एकेकाळी परवाने दिले म्हणूनच या बोटी बांधल्या गेल्या, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

म्हणून ‘उद्योगाचं मत’ असं एकसंध काही इथे मिळत नाही. मासेमारी उद्योगाचा प्रतिनिधी म्हणून सरकारच्या सल्लागार समितीत कुणीही आला तरी पहिला प्रश्न उरतोच, की तो कोणत्या जाळ्याचा?

कायद्यानं आधीच घेतलेली बाजू

1970 च्या दशकात गोव्यात रापणकार आणि ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक नौका, यांच्यात मोठा संघर्ष झाला. तसाच तो केरळ आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही पेटला. त्यानंतर केंद्रानं 1979 मध्ये राज्यांना एक नमुना विधेयक पाठवलं. 1980 मध्ये केरळ आणि गोव्यानं कायदे केले आणि 1981 मध्ये महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आला. समुद्रातल्या हाणामारीतून जन्मलेला हा कायदा आहे.

या कायद्यानं राज्याला चार गोष्टी ठरवण्याचा अधिकार दिला. कोणत्या भागात कोणत्या वर्गाच्या नौकांनी मासेमारी करावी, नौका किती असाव्यात, कोणती मासळी कोणत्या काळात धरू नये आणि कोणती जाळी वापरू नयेत. हा अधिकार वापरण्याआधी सल्लागार समितीशी विचारविनिमय करायचा. म्हणजे ही समिती मंत्र्यांच्या मर्जीनं नेमलेली नाही, ती कायद्याच्या पोटातली आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकारी अध्यक्ष, मत्स्यव्यवसाय विभागाचा अधिकारी बैठक बोलावणारा आणि मच्छीमारांचे प्रतिनिधी सदस्य, अशी तिची साधारण घडण.

माझ्या मते या कायद्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग बैठकांमध्ये फारसा कुणी वाचून दाखवत नाही. निर्बंध घालताना राज्यानं काय लक्षात घ्यावं हे कायद्यानंच सांगितलंय. पहिलं, मासेमारी करणाऱ्या वेगवेगळ्या घटकांचं हित आणि त्यातही विशेषतः होडी, पगार (लहान डोणी) अशा पारंपरिक साधनांनी मासेमारी करणाऱ्यांचं. दुसरं, मासळीचं जतन आणि शास्त्रीय आधारावर नियमन. तिसरं, समुद्रातली कायदा-सुव्यवस्था. तेव्हा समितीत पर्ससीनचे दोन आणि रापणीचे दोन बसवून मधला रस्ता काढणं, एवढंच तिचं काम ठरत नाही. कायद्यानं एका बाजूला जास्त वजन दिलंय आणि सल्ला त्या वजनाला धरूनच द्यायचा आहे. समितीच्या अध्यक्षांनी बैठकीच्या सुरुवातीला हे तीन निकष मोठ्यानं वाचले तरी निम्मी चर्चा रुळावर येईल.

विचारविनिमय म्हणजे संमती नाही. समिती एकमुखानं नको म्हणाली तरी शासन आदेश काढू शकतं. पण न्यायालयांनी वेगवेगळ्या प्रकरणांत हेही सांगितलंय, की विचारविनिमय नावापुरता असून चालत नाही. समोरच्याला माहिती द्यायला हवी, बोलायला वेळ द्यायला हवा आणि जे ऐकलं त्याचा विचार व्हायला हवा. या तीन गोष्टी झाल्या हे सिद्ध कशानं होणार? इतिवृत्तानं. आणि इतिवृत्त हेच अशा समित्यांचं सर्वांत दुबळं अंग असतं.

तज्ज्ञांची समिती का लागली

कायद्यात सल्लागार समिती असूनही पर्ससीनचा प्रश्न सोडवायला शासनाला वेगळी समिती नेमावी लागली. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे माजी महासंचालक डॉ. व्ही. एस. सोमवंशी तिचे अध्यक्ष होते. 2016 च्या आदेशाचा आधार या समितीचा अहवाल आहे. सागरी हद्दीतल्या परवान्यांची मर्यादा, हंगाम, किनाऱ्याचे वेगवेगळे पट्टे ही सगळी भाषा तिथून आली.

कायमच्या समितीला हे का जमू नये? तिच्या घडणीतच कारण दिसतं. ज्यांचा परवाना कमी होणार तेही टेबलावर आणि ज्यांना त्याचा फायदा तेही टेबलावर. दोघांच्या मध्ये आकडा ठेवणारा कुणी नाही. किती नौका समुद्राला झेपतील, हे ना रापणवाला सांगू शकतो ना पर्ससीनवाला. ते सांगायला सर्वेक्षण लागतं, उतरलेल्या मासळीची वर्षानुवर्षांची नोंद लागते आणि लहान मासा किती मारला जातोय याची मोजदाद लागते. हे काम भारतीय मत्स्य सर्वेक्षण आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करतात. जिल्ह्याच्या समितीत त्यांचा अहवाल नेमानं आला नाही तर चर्चा अनुभवावर चालते आणि ज्याचा आवाज मोठा त्याचा अनुभव खरा ठरतो.

आकडा असला तरी वाद मिटतोच असं नाही. तारलीचं उदाहरण घ्या. केरळमध्ये 2012 साली तारलीचं उत्पादन चार लाख टनांच्या आसपास होतं. 2021 मध्ये ते 3,297 टनांवर आलं. याला लहान मासळीची मासेमारी कारण की एल निनोमुळे बदललेलं पाणी? संशोधकांनी दोन्हींकडे बोट दाखवलंय. अशा वेळी पर्ससीनवाला समुद्र तापला म्हणतो, रापणवाला जाळं म्हणतो आणि दोघांच्याही हातात थोडं खरं असतं. म्हणूनच शास्त्रज्ञ टेबलावर हवा, तोही दरवर्षी. दहा-वीस वर्षांत एकदा तज्ज्ञ समिती नेमून हे भागत नाही.

सोमवंशी समितीचं एक मोठं श्रेय मला दिसतं: तिनं मोजता येईल असा सल्ला दिला. 182 हा आकडा बरोबर की चूक यावर वाद घाला, पण त्या आकड्यावर शासनाला काहीतरी करणं भाग पडलं. ‘पर्ससीनवर योग्य नियंत्रण असावं’ असं वाक्य अहवालात असतं तर ते कपाटातच राहिलं असतं. पुढे 2023 च्या सप्टेंबरमध्ये राज्यानं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून 54 प्रजातींसाठी धरण्याजोगा किमान आकार ठरवून दिला, तिथेही हेच दिसलं. मिलिमीटरमध्ये दिलेला सल्ला आदेशात उतरतो. तो आकार लिलावाच्या वेळी पट्टी लावून मोजायचा कुणी, हा पुढचा प्रश्न मात्र तसाच उरतो आणि तो शास्त्रज्ञ सोडवू शकत नाही. तो बंदरावरच्या माणसांनीच सोडवायचा आहे.

31 डिसेंबरनंतर

आदेशाची खरी परीक्षा जानेवारीपासून सुरू होते. राज्याचा कायदा किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंत. राज्यघटनेत मासेमारी राज्यसूचीत आहे आणि प्रादेशिक जलधीपलीकडची, म्हणजे या 12 मैलांपलीकडची, मासेमारी संघसूचीत. 12 ते 200 मैलांचा पट्टा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र, केंद्राचा. तेव्हा 31 डिसेंबरला पर्ससीनचा हंगाम संपतो तो राज्याच्या पाण्यात. 4 जानेवारीला बांगड्यानं भरलेली नौका बंदराला लागली आणि तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, म्हणाला, ‘मासळी बारा मैलांबाहेरची आहे’, तर धक्क्यावरचा अधिकारी ते कशावरून नाकारणार? माशावर तर काही लिहिलेलं नसतं.

हा पेच काल्पनिक नाही. तमिळनाडूच्या पर्ससीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्ये अंतरिम आदेश दिला: 12 मैलांबाहेर, विशेष आर्थिक क्षेत्रात, आठवड्यातून फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी 8 ते संध्याकाळी 6 या वेळेत मासेमारी करता येईल, आणि नौकेवर माग ठेवणारी यंत्रणा चालू असली पाहिजे. म्हणजे न्यायालयानंही शेवटी वेळ, जागा आणि माग या तीन मोजता येणाऱ्या गोष्टींवरच बोट ठेवलं. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रानं विशेष आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम अधिसूचित केले, त्यात यांत्रिकी नौकांना प्रवेश पास घ्यावा लागतो. कागदावर पट्टा स्पष्ट होत चाललाय. पण राज्याची समिती 12 मैलांच्या आतलं बोलते, केंद्र 12 मैलांबाहेरचं ठरवतं आणि नौका एकाच बंदरातून सुटून त्याच बंदरात परत येते. दोन्ही सरकारांची माणसं एका टेबलावर बसतील अशी जागा जिल्हा समिती हीच असू शकते. तटरक्षक दलाचा आणि केंद्रीय मत्स्य संस्थेचा माणूस तिथे कायम निमंत्रित असावा असं माझं ठाम मत आहे.

प्रखर उजेडानं मासळी जमवणाऱ्या एलईडी दिव्यांचं प्रकरणही असंच गेलं. केंद्रानं 10 नोव्हेंबर 2017 च्या आदेशानं विशेष आर्थिक क्षेत्रात एलईडी लावून मासेमारी आणि बैल ट्रॉलिंग (दोन नौकांनी मिळून एक जाळं ओढणं) यांना मनाई केली. त्यानंतर कित्येक हंगाम सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरून रात्री बाहेर उजेड दिसत राहिल्याच्या तक्रारी होत राहिल्या. जुन्या कायद्यात दंड पकडलेल्या मासळीच्या किमतीशी बांधलेला होता आणि निवाडा तहसीलदारांकडे असे. मोठ्या बोटीला असा दंड म्हणजे धंद्याचा खर्च. 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. विनापरवाना पर्ससीनला पहिल्या वेळी 1 लाख आणि तिसऱ्यांदा 6 लाख, तर एलईडी मासेमारीला 5 लाखांपासून 20 लाखांपर्यंत दंड ठरला. निवाड्याचा अधिकार महसूल खात्याकडून मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्याकडे आला.

दंड वाढला हे चांगलं झालं. पण समितीच्या दृष्टीनं एक नवी गाठ पडली. जो विभाग बैठक बोलावतो, विषयपत्रिका ठरवतो आणि इतिवृत्त लिहितो, त्याच विभागाचा अधिकारी आता दंडही ठरवतो. समितीतला सदस्य गस्तीबद्दल तक्रार करतो तेव्हा त्याच्या समोर बसलेला माणूस उद्या त्याच्या नौकेच्या प्रकरणात निवाडा करणारा असू शकतो. माणूस सरळ असेलही, पण ही जागा अवघड आहे, अधिकाऱ्यासाठीसुद्धा. गस्तीचा आणि कारवाईचा आढावा घेताना इतिवृत्त जिल्हाधिकारी कार्यालयानं लिहावं, एवढा साधा बदल पुरेसा आहे.

खुर्चीवर कोण बसतं

आपल्याकडे मच्छीमारांचा प्रतिनिधी म्हटलं की मच्छीमार सहकारी संस्थेचा अध्यक्ष किंवा संचालक येतो. कारण उघड आहे. डिझेल परतावा संस्थेमार्फत, योजना संस्थेमार्फत, शिफारसपत्र संस्थेमार्फत. पण संस्थेचा संचालक बहुधा नौकामालक असतो. एखाद्याची रापण आहे आणि मुलाची मिनी पर्ससीनही आहे, असं घर कोकणात दुर्मीळ नाही. तो कोणत्या बाजूनं बोलतोय हे त्यानं बैठकीच्या आधी लिहून द्यावं. आपल्या आणि आपल्या घरच्यांच्या नावावर कोणत्या नौका, कोणते परवाने आहेत याची यादी. यात अपमान काही नाही. बँकेच्या संचालकालाही कर्जाचा विषय निघाला की आपला संबंध जाहीर करावा लागतोच.

आणि दोन माणसं या टेबलावर मुळीच दिसत नाहीत. पहिला खलाशी. हंगाम चार महिन्यांचा झाला की पहिला घाव त्याच्या पगारावर. तो संस्थेचा सभासद नसतो, अनेकदा या जिल्ह्याचाही नसतो. दुसरी मासळी विकणारी बाई. ती टोपलीभर मासळी घेऊन एसटीनं बाजाराला जाते. पर्ससीनच्या एका उतरणीनं भाव कोसळला किंवा रापण रिकामी आली, तर ते तिला त्याच संध्याकाळी कळतं. भावाचं इतकं ताजं आणि खरं ज्ञान शासनाच्या कुठल्याही तक्त्यात नाही. तिला बोलवायला वटहुकूम लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचं निमंत्रण पुरतं.

युरोपीय संघानं मासेमारीसाठी सल्लागार परिषदा चालवल्यात. त्यांच्या 2013 च्या नियमानुसार 60 टक्के जागा मासेमारी आणि तिच्याशी जोडलेल्या धंद्यांना आणि 40 टक्के इतर हितसंबंधांना, म्हणजे पर्यावरण संघटना, ग्राहक वगैरेंना. आपल्या किनाऱ्याला हे प्रमाण जसंच्या तसं लागू होणार नाही. तिकडे होडीवाल्यांची संख्या इतकी नाही आणि धंद्यातली दरीही वेगळी. त्या नियमातली दुसरी एक गोष्ट मात्र आपण आज उचलावी. परिषदेनं शिफारस केली की युरोपीय आयोगानं किंवा संबंधित देशानं दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. आणि शेवटी घेतलेला निर्णय शिफारशीपेक्षा वेगळा असेल तर का वेगळा, हे कारणांसह सांगायचं.

हे कलम वाचलं तेव्हा मला आपल्या प्रकरणात काय कमी आहे ते नेमकं सापडलं. सरकारनं समितीचं ऐकलंच पाहिजे असा माझा आग्रह नाही. निवडून आलेल्या सरकारनंच निर्णय घ्यावा आणि त्याची जबाबदारीही घ्यावी. पण समितीनं जानेवारीत ‘बंदरावर पर्ससीनची मासळी उतरू देऊ नये’ असा ठराव केला, तर तो कुणाकडे गेला, किती दिवसांत उत्तर आलं, नाकारला तर कशासाठी, हे बंदरावरच्या फळ्यावर लागायला हवं. उत्तर न मिळालेला सदस्य दुसऱ्या बैठकीला उदास होऊन येतो, तिसऱ्याला येत नाही आणि चौथ्या वेळी थेट रस्त्यावर उतरतो. मालवणला, आचऱ्याला समुद्रात एकमेकांच्या नौका अडवण्यापर्यंत गोष्टी गेल्या, त्यामागे असं न मिळालेलं उत्तर बरंच आहे असं मला वाटतं.

हंगामाला जोडलेलं कामकाज

समितीच्या बैठका तक्रारी आल्या की होतात. त्या मासळीच्या वर्षाला जोडल्या पाहिजेत. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते. नौका शाकारलेल्या, तांडेल घरी, मालक मोकळे. या दोन महिन्यांत मोठी बैठक व्हावी. मागच्या हंगामात कोणत्या बंदरावर किती आणि कोणती मासळी उतरली, लहान मासा किती, किती नौकांवर कारवाई झाली, दंड किती ठरला आणि त्यातला वसूल किती झाला, हे कागद आठ दिवस आधी मराठीत सदस्यांच्या हाती पडावेत. दुसरी बैठक डिसेंबरच्या मध्याला, हंगाम संपण्याच्या तोंडावर, कारण जानेवारीचा पेच तेव्हाच सोडवायचा असतो. ज्याला ठराव मान्य नाही त्याचं मत त्याच्या नावानिशी इतिवृत्तात यावं. ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांखाली रापणीचा आणि पर्ससीनचा विरोध एकत्र पुरला जातो आणि वर शासनाला वाटतं जिल्ह्यात शांतता आहे.

12 मैलांच्या प्रश्नावर आता साधनही हाताशी येतंय. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते नौकांवर ट्रान्सपाँडर, म्हणजे नौकेची जागा कळवणारं आणि निरोप देणारं यंत्र, बसवण्याच्या योजनेची सुरुवात झाली. देशभरात 1 लाख नौकांवर ते बसवायचे आहेत. मच्छीमारांनी त्याचा स्वीकार सुरक्षिततेसाठी केलाय, वादळाचा इशारा मिळावा, संकटात निरोप जावा म्हणून. तीच नोंद दंडासाठी वापरायची असेल तर ते आधी त्यांच्याशी बोलून ठरवायला हवं, नाहीतर यंत्रं बंद पडलेली दिसतील. कोणत्या नौकांची नोंद पाहायची, कुणी पाहायची, किती दिवस जपायची आणि समितीपुढे ती नावासकट ठेवायची की नावाशिवाय, या चार गोष्टी सल्लागार समितीनं पर्ससीनच्या मालकांना समोर बसवून लिहून काढाव्यात. त्या पुढच्या डिसेंबरच्या बैठकीआधी ठरल्या, तर 4 जानेवारीला मिरकरवाड्याच्या धक्क्यावर ‘बारा मैलांबाहेरची’ म्हणणाऱ्या तांडेलाला नौकेचा माग दाखवता येईल, आणि तो खरं बोलत असेल तर त्याची मासळी त्याच सकाळी लिलावात जाईल.